सुट्टी, सुटका आणि सुटे पैसे

माझा भाचा २ हजार ९११ दिवसांनी स्वतंत्र होणार आहे.

गेल्या रविवारी दारात चपला काढता काढता त्यानं ही बातमी दिली. आतून हिनं विचारलं, “कुणापासून रे? घरी सगळं ठीक आहे ना?” लग्नाला सहा वर्षं झालेला मुलगा ‘स्वतंत्र व्हायचंय’ म्हणाला की कुठल्याही मामीच्या पोटात आधी हाच गोळा येतो. त्यानं हसून मोबाइल पुढे केला. पडद्यावर २,९११ हा आकडा टपोरा झळकत होता. रोज रात्री बाराच्या ठोक्याला त्यातला एक गळतो म्हणे. गॅसचा नंबर लावल्यावर आमच्या घरी कॅलेंडरवर असे दिवस खोडायचे. तेव्हा शेवटी निदान सिलिंडर यायचा.

“याला फायर म्हणतात, मामा.”

आमच्या वेळी साहेब फायर करायचा. आता माणसं स्वतःच स्वतःला करून घेतात आणि त्यासाठी आठ-आठ वर्षं घाम गाळतात.

कल्पना अमेरिकेतली आहे, गणित सोपं आहे. वर्षाचा जो खर्च असेल त्याच्या पंचवीसपट पैसे साठले की नोकरीला रामराम. पहिल्या वर्षी त्यातले चार टक्के काढायचे, पुढे महागाईच्या मानानं तेवढेच वाढवत न्यायचे आणि पाय पसरून बसायचं. या चार टक्क्यांचा जनक विल्यम बेंगेन, कॅलिफोर्नियातला एक आर्थिक सल्लागार. त्यानं १९९४ साली तिकडच्या शेअर-रोख्यांचे १९२६ पासूनचे आकडे मांडले आणि सांगितलं की अशा बेतानं पैसे तीस वर्षं पुरतात.

तीस वर्षं. भाचा बेचाळिसाव्या वर्षी सुटणार, म्हणजे बहात्तरपर्यंतची सोय झाली. त्याची आजी, म्हणजे माझी आई, ८१ वर्षांची आहे. लिफ्ट बंद पडली तर तीन जिने चढून वर येते आणि वर आल्यावर सोसायटीच्या कमिटीला नावं ठेवण्याइतका दम तिच्यात शिल्लक असतो. हे मी त्याच्या लक्षात आणून दिलं. त्यानं लॅपटॉप उघडला आणि एक्सेलमध्ये एक ओळ वाढवली. ‘दीर्घायुष्य’. रकाना : जोखीम.

त्या एक्सेलमध्ये सगळं आहे. चहासुद्धा. अमृततुल्यचा चहा १२ रुपये, दिवसाला दोन, वर्षाचे झाले ८ हजार ७६०. गुणिले पंचवीस, २ लाख १९ हजार. “म्हणजे मामा, नुसत्या दोन कप चहासाठी तुला सव्वादोन लाख जास्त साठवावे लागतात.” चाळीस वर्षं मी टपरीवर उभा राहून बशीत ओतत होतो ते एवढं मोठं भांडवल होतं, हे मला कुणी सांगितलंच नाही. भाच्यानं बाहेरचा चहा सोडलाय. आमच्याकडचा घेतो. तो एक्सेलमध्ये धरलेला नाही. हे सगळं तो समजावत होता तेव्हा त्याचा दुसरा कप चालू होता.

“एकदा कॉर्पस झाला की झालं.”

मी म्हटलं, मराठीत त्याला गंगाजळी म्हणतात. त्यानं हा शब्द पहिल्यांदाच ऐकला. तेव्हा त्याला वरसईच्या विष्णुभट गोडशांची गोष्ट सांगणं भाग पडलं. पेणजवळच्या या गरीब भटजींच्या घरावर कर्ज होतं. त्यांच्या कानावर आलं की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला थोरला यज्ञ करणार आहेत आणि ब्राह्मणांना लाखांनी दक्षिणा वाटणार आहेत. झालं. ध्येय ठरलं, मार्ग ठरला, कर्ज फिटून वर चार पैसे उरण्याचा हिशेबही मनात झाला. बरोबर काकांना घेऊन भटजी पायी निघाले. सगळं नियोजन चोख होतं, फक्त साल १८५७ होतं. यज्ञाला निघालेला माणूस बंडात जाऊन पोचला. झाशीच्या वेढ्यात अडकला, कडोसरीचे पैसे लुटारूंनी नेले, कसाबसा जीव वाचवत हिंडत राहिला आणि शेवटी खांद्यावर गंगेच्या पाण्याची कावड घेऊन कोकणात परतला. गंगाजळी आणायला गेला आणि गंगाजळ घेऊन आला. म्हातारपणी त्यांनी हे सगळं लिहून काढलं, चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये ते ‘माझा प्रवास’ या नावानं छापलं. आजही ते पुस्तक खपतं, पण ते बाहेर आलं तेव्हा भटजी हयात नव्हते.

भाच्यानं मन लावून ऐकलं. मग म्हणाला, “सगळे पैसे एकाच ठिकाणी का ठेवले होते त्यांनी?”

बरं, दीडशे वर्षं मागं जायला नको. दुसऱ्या मजल्यापर्यंत गेलं तरी पुरे. तिथं आमचे बँकवाले राहतात. २००० साली सरकारी बँकांमध्ये स्वेच्छानिवृत्तीची लाट आली ती आठवते? पंधरा वर्षं नोकरी झालेली किंवा वयाची चाळिशी गाठलेली, एवढीच अट. नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे साठ दिवसांचा पगार, नाहीतर उरलेल्या नोकरीचा पगार, यातलं जे कमी असेल ते घ्या आणि मोकळे व्हा. ‘फायर’ हा शब्द इकडे पोचायच्या कितीतरी आधी मराठी मध्यमवर्गानं हा प्रयोग घाऊक प्रमाणावर करून टाकलेला आहे. त्यावर कुणी व्हिडिओ केला नाही, एवढंच.

बँकवाले तेव्हा ४९ चे होते. दहा लाख आले. ठेवीला दहा टक्क्यांच्या आसपास व्याज होतं, म्हणजे वर्षाला लाख. बँकेतल्या माणसानं व्याजाचा हिशेब करायचा आणि तो चुकायचा, हे कसं शक्य आहे? सेंड-ऑफला त्यांनी भाषण केलं, की आता वाचन, सतारीचे राहिलेले धडे आणि चारधाम. पहिल्या वर्षी चारधाम झाला. त्यानंतर व्याजाचे दर जिना उतरायला लागले. पीपीएफचंच बघा, २००० च्या जानेवारीपर्यंत १२ टक्के होते, २००३ च्या मार्चमध्ये ८ झाले. ठेवी पाच-सहा टक्क्यांवर आल्या. लाखाचे पंचावन्न हजार झाले. सतार माळ्यावर गेली. बँकवाले दोन दुकानांचे हिशेब लिहायला लागले आणि वेळ जात नाही म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी झाले. बँकेत त्यांना रविवार तरी मिळाला असता. सेक्रेटरीला रविवारीसुद्धा कुणाच्यातरी बाथरूममधली गळती बघायला जावं लागतं. लिफ्ट बंद पडल्यावर माझी आई ज्यांना नावं ठेवते, ते हेच.

भाच्याला यातून एकच गोष्ट समजली, की ठेवीत पैसे ठेवायचे नाहीत.

त्याच्या खोलीत देव्हाऱ्याशेजारी एक फलक आहे. त्यावर मासिकांतून कापलेली चित्रं : बर्फाचा डोंगर, समुद्रकाठी टांगलेली झोळी, मांडी घालून बसलेली एक गोरी बाई. खाली तिमाहीप्रमाणे ध्येयं. पहिल्या तिमाहीत दहा किलो वजन, दुसऱ्या तिमाहीत आंतरिक शांती, तिसऱ्या तिमाहीत युरोप. आंतरिक शांतीसमोर हिरवी बरोबरची खूण आहे. वजनासमोर नाही.

शांती त्यानं इगतपुरीहून आणली. दहा दिवसांची विपश्यना. तिथं पहाटे चारला घंटा होते. मोबाइल पहिल्याच दिवशी जमा. बोलायचं नाही, खाणाखुणाही करायच्या नाहीत, लिहायचं-वाचायचं नाही. दिवसाचे दहा तास डोळे मिटून बसायचं. अकराला जेवण आणि मग संध्याकाळी पाचला थोडे कुरमुरे, फळ आणि चहा. जुन्या साधकांना तेही नाही, लिंबाचं पाणी. मी विचारलं, “काय मिळालं?” त्यानं डोळे मिटले, आता काहीतरी गहन येणार म्हणून मी सावरून बसलो. तो म्हणाला, “कुरमुरे.” चौथ्या दिवसापासून म्हणे दुपारी दोनलाच त्याच्या मनात कुरमुरे तरंगायला लागायचे. मला हे उत्तर फार आवडलं. दहा दिवसांत एखाद्याला कुरमुऱ्यांची किंमत कळली तर ते शिबिर वाया गेलं असं मी तरी म्हणणार नाही. पण पुढं त्यानं सांगितलं की कागद-पेन नसल्यामुळे चार टक्क्यांचं गणित त्याला दहाही दिवस तोंडी करावं लागलं, त्यात दोनदा चूक सापडली, आणि मुख्य म्हणजे शिबिराला फी नसल्यामुळे त्या महिन्याचा खर्च बारा हजारांनी खाली आला. जुन्या साधकांच्या दानावर ते चालतं. आपल्या मनःशांतीचे पैसे आधीच कुणीतरी भरून ठेवलेत, ही गोष्ट त्यानं ‘बचत’ या रकान्यात लिहिली होती.

गंमत म्हणजे या परंपरेत हिशेबनीस माणूस नवा नाही. ज्यांनी इगतपुरीचं केंद्र १९७६ मध्ये सुरू केलं ते सत्यनारायण गोएंका मंडालेत जन्मलेले बडे व्यापारी. अर्धशिशीनं बेजार होऊन १९५५ मध्ये ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे ऊ बा खिन कोण? स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल! म्हणजे अख्ख्या देशाची खतावणी तपासणारे गृहस्थ. त्यांनी कचेरीतल्या कारकुनांना विपश्यना शिकवली, एका वेळी दोन-तीन खात्यांची जबाबदारी सांभाळली आणि चांगलं उतारवय होईपर्यंत सरकारी नोकरी केली. ध्यान करायला मोकळा वेळ हवा म्हणून राजीनामा देण्याचं त्यांना सुचलं नाही. आणि डोकेदुखी घालवायला आलोय असं गोएंकांनी सांगितल्यावर त्यांनी सरळ नकार दिला होता : एवढ्या क्षुल्लक कामासाठी ही विद्या नाही. ही हकिकत गोएंका स्वतःच सांगत असत. ‘उत्पादकता वाढवण्यासाठी’ असं फॉर्मवर लिहिणारा माझा भाचा त्या खुर्चीपुढं उभा राहिला असता तर काय झालं असतं, हे चित्र मी अधूनमधून डोळ्यांपुढं आणतो. तेवढीच माझी साधना.

आपल्या राज्य सरकारनं कर्मचाऱ्यांना विपश्यनेसाठी खास रजेची सोय केलेली आहे. उत्तम आहे. पण रजेचा अर्ज करावा लागतो. मुक्तीच्या वाटेवर पहिला मुक्काम आस्थापना शाखेत.

आणि इथंच मला हे सगळं प्रकरण जरा खटकतं. सुट्टी, सुटका, सुटे पैसे, ही सगळी एकाच ‘सुटणे’ची पोरं. पण जो तो सुटायला निघतो तो आधी खिडकीपाशी रांगेत उभा राहून कुणाची तरी सही मागतो.

तिसऱ्या तिमाहीतला युरोपच घ्या. व्हिसाच्या फायलीत काय काय लागतं ते भाच्यानं आमच्या जेवणाच्या टेबलावर मांडलं. तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रं. सहा महिन्यांचा बँक खात्याचा उतारा. पगाराच्या पावत्या. किमान ३० हजार युरोंचा प्रवास विमा. हॉटेलांची बुकिंगं, परतीचं तिकीट. आणि सगळ्यांत वर ऑफिसचं पत्र : हा माणूस आमच्याकडे कामाला आहे, याची अमुक दिवसांची रजा आम्ही मंजूर केली आहे, हा अमुक तारखेला परत रुजू होईल. थोडक्यात, दावं किती लांबीचं आहे आणि खुंटा किती पक्का आहे हे तपासून मग सोडतात. रिकाम्या गळ्याच्या माणसाला तिथं कुणी उभं करत नाही. चौदा दिवस मागितले होते, साहेबानं नऊ दिले. त्यानं नऊ दिवसांत सहा देश बसवले.

मी विचारलं, “२ हजार ९११ दिवसांनी तू नोकरी सोडलीस, की हे पत्र कोण देणार?”

तो बराच वेळ गप्प होता. विपश्यनेनंतर प्रथमच.

मी फार हसलो नाही, कारण आमच्या पिढीनंही प्रवासात फार मोठे झेंडे लावलेले नाहीत. रजा प्रवास सवलत नावाचा प्रकार होता, अजूनही आहे : चार वर्षांच्या गटात दोन प्रवास, करात सूट. मार्च महिन्यात एजंट बिलं घेऊन फिरायचे. आमच्यातले कित्येक जण कन्याकुमारीला फक्त बिलावर जाऊन आले. निवृत्तीनंतर तेच लोक नर्मदा परिक्रमेला गेले. शास्त्राप्रमाणे पायी तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. यांनी वातानुकूलित बसनं पंधरा दिवसांत उरकली आणि आल्यावर तीन महिने तेरा दिवस स्लाइड्स दाखवल्या.

एवढ्यात हिनं टेबलावरची कागदं बाजूला सारली आणि डाळिंब्यांची परात मधे ठेवली. निवडायला हात मोकळे असलेलं कुणीही चालत होतं.

“मामी, तुझं काय? तुझे काही गोल्स?” भाच्यानं विचारलं.

“आम्ही गेल्या महिन्यात तुळजापूरला जाऊन आलो,” ती म्हणाली.

हे खरं आहे. मंगळवारी रात्री भजनी मंडळात ठरलं, गुरुवारी पहाटे सहाला या चौघी स्वारगेटला. ही, मंडळातल्या दोघी आणि माझी आई. फलक नाही, तिमाही नाही. माझ्याकडे कुठलाही अर्ज आला नव्हता. बुधवारी रात्री दशम्यांचा वास आला तेव्हा मला बातमी कळली. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून आमच्या घरात या अशा बातम्या मला वासावरूनच कळतात. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तर त्याच्या आदल्या वर्षीच्या ऑगस्टपासून तिकीटच नाही. वीस वर्षं आई ‘माझं आता कुठं होणार’ म्हणत होती. फुकट झाल्यावर तिचे गुडघे कसे काय बरे झाले, हे अस्थिरोगतज्ज्ञांनी पाहायला हवं. या एका निर्णयानं महाराष्ट्रातल्या जितक्या बायका उंबऱ्याबाहेर पडल्या तितक्या स्वातंत्र्यावरच्या कुठल्याही पुस्तकानं पाडल्या नसतील, असं माझं मत आहे. एसटीचा तोटा हा वेगळा विषय आहे, तो भाच्याच्या स्वाधीन.

हिनं पर्समधून दोन तिकिटं काढली. ही जपून का ठेवली होती ते विचारू नये. हिच्या पर्समध्ये २०११ ची भाजीची यादी आहे. एक आईचं. कंडक्टरनं आधार कार्ड बघून यंत्रातून काढून दिलेलं, रक्कम शून्य. भाच्यानं ते उजेडात धरलं. शून्य गुणिले पंचवीस शून्य. म्हणजे आजी त्याच्याच सूत्रानं केव्हाच स्वतंत्र झाली होती, शिवाय दीर्घायुष्याची जोखीम धरून.

दुसरं हिचं. अर्ध्या तिकिटात नेहमी होतो तो घोळ त्याही दिवशी झाला. हिनं पाचशेची नोट दिली, कंडक्टरकडे सुटे नव्हते. “ताई, नोटा घ्या, वरचे पाच उतरताना घ्या,” म्हणून त्यानं तिकीट उलटं करून त्यावर बॉलपेननं ‘५ रु.’ लिहिलं, त्याभोवती गोल केला आणि पुढच्या सीटकडे गेला. त्या पाचावर आता कुंकवाचं बोट उमटलं होतं.

भाच्यानं तिकीट सुलटं केलं, परत उलटं केलं.

“मग हे पाच रुपये?”

“राहिले की त्याच्याकडे.”

“मागितले नाहीस?”

“उतरले आणि विसरले. आजींना आधी खाली उतरवायचं, का पाच रुपये बघायचे? आणि समोर कळस दिसत होता.”

तो काही बोलला नाही. पण त्याचे ओठ हलताना मला दिसले. पाच गुणिले पंचवीस.

“अजून टाकू का रे चहा?” हिनं विचारलं.

“टाक,” तो म्हणाला.